दोन पट्ट्यांचं हेल्मेट

प्रेसनं पांढरी गाडी अर्धी चावली आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"अडला परत," चंद्रशेखर लिव्हरवरनं म्हणाला. "बसला बघा रेडा चिखलात."

"फडकं आण," बाळासाहेब म्हणाला.

ऑगस्टचं ऊन होतं. जपानमधल्या चिबा जिल्ह्यातल्या भातखाचरांच्या मधोमध पत्र्याचं उंच कुंपण घालून केलेलं ते भंगाराचं यार्ड. उत्तरेला समुद्राची लाट येऊन गेली त्याला दुसरा उन्हाळा लागला होता, तरी तिकडच्या गाड्या येतच होत्या. सीटांमध्ये चिखल वाळून दगड झालेला. दार उघडलं की कुजलेल्या समुद्राचा वास. गाडी प्रेसमध्ये टाकायची, झाकण खाली यायचं, गाडीची वीट व्हायची. प्रेसच्या तोंडाशी एक डोळा बसवलेला होता. माणसाचा हात मधे आला की डोळ्याला दिसायचं आणि झाकण जागच्या जागी थांबायचं. पण त्या चिखलाची धूळ काचेवर बसली की डोळ्याला धूळही हातच वाटायची. मग पुसा, सुरू करा, परत पुसा.

पुसायचं काम विल्नेरचं. हैतीचा माणूस, उंच, हाडापेरानं रुंद. त्याच्या देशात भूकंप झाला तेव्हा मदतीला गेलेल्या एका जपानी नर्सशी लग्न करून तो इकडे आला. पुढे नर्स त्याला सोडून गेली आणि तो भंगारात आला. सगळ्यांशी तो मोडक्या जपानीत बोले आणि सगळे त्याच्याशी मोडक्या जपानीत बोलत. यार्डात धड भाषा कुणालाच नव्हती, साहेब सोडून.

पलीकडे ताडपत्रीखाली उल्का बसलेली. बाळासाहेबाची बायको. केबल पायाखाली दाबायची, सुरीनं सोलायची, आतलं लखलखीत तांबं टबात टाकायचं. तिच्या अंगठ्याची कातडी सुरीच्या मुठीनं जनावराच्या खुरासारखी झाली होती.

नवरा-बायको खटावकडचे. बाळासाहेब जपानला आला तो आचारी म्हणून. हिगाशी-कसाईत आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांची वस्ती, तिथल्या एका हॉटेलात तो रोट्या भाजायचा. भूकंप झाला, मग अणुवीज केंद्र फुटलं, कॉम्प्युटरवाले बायकापोरं घेऊन विमानात बसले, हॉटेलाला कुलूप लागलं. तेव्हा रणजित साहेबांनी त्याला यार्डात घेतला. व्हिसा स्वयंपाक्याचा आणि काम भंगाराचं. हे साहेबांना माहीत होतं आणि बाळासाहेबालाही. त्यामुळे त्यावर कधी बोलायची वेळ आली नाही.

वसंतात पाण्यावरनं भांडण झालं होतं. प्यायच्या पाण्याचा नळ वर, साहेबांच्या माडीवरच्या ऑफिसच्या आत. खालच्यांनी गाड्या धुवायच्या पाईपला तोंड लावायचं. मग सगळे तेलाच्या पिंपांवर बसले आणि वर जाऊन बोलायला आपला एक माणूस नेमू म्हणाले. बाळासाहेबाचं जपानी त्यातल्या त्यात बरं, आवाज मोठा. हात वर झाले. विल्नेरचा झाला नाही.

"का रे? मी काय तुझं खाल्लं?" बाळासाहेबानं विचारलं.

"मी एकदा वर केला होता," विल्नेर म्हणाला. "तेवढा पुरला."

आणि त्यानं सांगितलं. "आमच्याकडं श्रीमंत डोंगरावर राहतात. वर गार वारा, झाडं, फ्रेंच भाषा. आम्ही खाली गटारापाशी. आमची भाषा क्रेओल. वरचे म्हणायचे, ती भाषा नाहीच, कुत्र्यांचं भुंकणं आहे. आमच्यातलाच एक शाळामास्तर उभा राहिला. भर सभेत क्रेओलमध्ये बोलला. म्हातारे रडले. मी आणि माझ्या भावानं त्याला उचलून गावभर फिरवला. तो महापौर झाला. वर्षभरात डोंगरावर घर घेतलं. मग फ्रेंच बोलायला लागला. भूकंपानंतर आम्ही तंबू मागायला त्याच्या फाटकाशी गेलो. म्हणालो, मास्तर, आम्हीच आहोत. त्याच्या माणसांनी बंदुका चालवल्या. माझ्या भावाच्या गळ्याला लागली. मी बोटं घालून धरलं. धरवत नाही, गरम असतं रक्त, निसटतं."

चंद्रशेखरनं शेवटी म्हटलं, "आमच्या बाळासाहेबाकडं कुठला डोंगर? ह्याला तर जिना चढताना धाप लागती."

सगळे हसले. विल्नेरही हसला.

बाळासाहेब वर गेला आणि खाली नळ आला. लोकांनी त्याला बिअर पाजली. पुढच्याच सोमवारी साहेबांनी त्याला हान्चो केलं, म्हणजे मुकादम. पांढरं हेल्मेट, त्याला दोन हिरव्या पट्ट्या. त्या दिवसापासून माणसांचं वर जाऊन सांगणं बंद झालं आणि साहेबांचं खाली येऊन सांगणं सुरू झालं. पट्ट्या इतक्या स्वस्त असतात.

दुपारी साहेबांनी वर बोलावलं.

बाळासाहेबानं बूट दाराबाहेर काढले. मोज्यांना तेल होतं म्हणून मोजेही काढले. तरी आत आल्यावर साहेबांनी पायांकडं बघितलं, म्हणून तो दारातल्या पायपुसण्यावरच उभा राहिला. आत गारवा होता. घाम अंगावरच थिजला.

"या, बाळासाहेब," रणजित साहेब म्हणाले. पुण्याचा माणूस, चाळिशीचा, पूर्वी कंपनीत सॉफ्टवेअर करायचा. लाटेनं इतकं लोखंड किनाऱ्यावर टाकलं तेव्हा त्याला ते दिसलं. बाकीच्यांना मेलेली माणसं दिसत होती. "प्रेस का थांबतोय सारखा?"

"डोळा, साहेब. मेकॅनिकला बोलवाय लागंल."

"ओबोनची सुट्टी आहे, यांचा पितृपक्ष. आठवडाभर एक माणूस मिळणार नाही. आणि ढीग मला सुट्टी संपायच्या आत साफ हवाय." साहेब खुर्चीत मागे रेलले. "मराठी मंडळाची निवडणूक आहे, माहितीय ना? अंबरीष उभा आहे माझ्यासमोर. त्याचं म्हणणं काय, तर मंडळ सुशिक्षितांचं राहिलं पाहिजे. मी म्हटलं, का? आपले कष्टकरी मराठी नाहीत? मी तुमच्या सगळ्यांची नावं घातली यादीत."

"आम्हाला गणपतीला मांडव घालायलाच बोलवत्यात, साहेब."

"तेच बदलायचंय. तुम्ही बसनं यायचं. मत द्यायचं, जेवायचं." मग साहेबांनी खिडकीतून खाली प्रेसकडं बघितलं. "त्या डोळ्याचं बघून घ्या काहीतरी."

"बघून म्हंजे?"

"तुम्ही हान्चो आहात. कसं केलं ते मला सांगत बसू नका."

बाळासाहेब पायऱ्या उतरला. थेट ताडपत्रीखाली गेला आणि उल्काच्या टबातला तांब्याचा एक तुकडा उचलला.

"कशाला पायजे?" उल्का म्हणाली.

"काम हाय."

त्यानं डोळ्याची डबी उघडली. आत दोन टोकं होती. ती त्यानं तांब्यानं एकमेकांना बांधली. आता डोळा आंधळा झाला, आणि यंत्र मात्र तो जागा आहे असं धरून चाललं. झाकण बसवताना मागे सावली पडली. विल्नेर उभा होता.

"ते काढ," विल्नेर म्हणाला.

"वरचा हुकूम आहे."

"वरच्यांनी तार बांध म्हणून सांगितलं?"

"तुला काय करायचंय? गाडी आत टाक."

"बाळा-सान, माझे हात आत असतात. तुझे नसतात."

बाळासाहेबाला राग आला. खरं ऐकल्यावर येतो तसा. "मी हान्चो आहे," तो म्हणाला. "नको असेल तर फाटक तिकडं आहे."

विल्नेरनं हातमोजे चढवले.

त्या दिवशी प्रेस थांबला नाही. ढीग उतरत गेला. साहेबांनी वरनं थंड चहाच्या बाटल्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एका गाडीचं दार उचकटून प्रेसच्या काठावर लोंबायला लागलं. विल्नेर ते आत ढकलायला वाकला. रोज वाकायचा तसाच. चंद्रशेखरचा हात लिव्हरवर होता, समोर ऊन, घामानं डोळे चुरचुरत होते. आणि डोळा आहे ना, तो थांबवतो, ही महिनोन्‌महिन्यांची सवय.

झाकण खाली आलं.

पत्रा चुरगळल्याचा आवाज आला आणि त्याच्या आत आणखी एक बारीक आवाज, ओली काटकी मोडल्यासारखा. विल्नेर ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. चंद्रशेखरनं लिव्हर मागे ओढला. झाकण सावकाश उठलं, कारण ते सावकाशच उठायचं, आणि तेवढा वेळ विल्नेर पायाच्या बोटांवर उभा राहून हाताबरोबर वर गेला. मग सुटला. हातमोजा पत्र्याला चिकटून राहिला. तो रिकामा नव्हता.

चंद्रशेखर गुडघ्यावर बसून ओकला. उल्का धावत आली. तिनं डोक्याचा रुमाल सोडून मनगटाच्या वर आवळला, दातात धरून गाठ मारली. तिच्या ब्लाउजवर, हनुवटीवर, भुवयांवर रक्त.

"ॲम्बुलन्स बोलवा," ती म्हणाली. "कुणीतरी फोन करा."

साहेब खाली आले. यार्डाच्या मातीत त्यांना आजवर असं कुणी पळताना पाहिलं नव्हतं. "ॲम्बुलन्स नको," ते म्हणाले. "ॲम्बुलन्सबरोबर पोलीस येतात. माझी गाडी घ्या. बाळासाहेब, तुम्ही जा." मग त्याला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली. "घरी गाडीखाली होता. जॅक सटकला. कळलं? आज निवडणुकीच्या तोंडावर हे इथं घडलेलं नाहीये. खर्च सगळा मी करतो. आणि डबीतलं ते काढून टाका आधी. कुणाच्या अंगाशी येईल ते तुम्हालाच कळतंय."

बाळासाहेबानं आधी डबी उघडली. तांब्याचा तुकडा काढून खिशात टाकला. मग गाडीत बसला. तेवढा वेळ विल्नेर मागच्या सीटवर उल्काच्या मांडीवर होता. सीट खराब होऊ नये म्हणून साहेबांनी खाली निळी ताडपत्री घालायला लावली होती.

इस्पितळात उल्काला बाहेरच थांबवलं. आत डॉक्टरनं विचारलं, "कुठं झालं?"

"घरी," बाळासाहेब म्हणाला. "जॅक सटकला."

डॉक्टरनं जखमेतून चिमट्यानं काहीतरी काढलं. वाळलेला करडा चिखल, काचेचा चुरा, शिंपल्याचा तुकडा. तो बाळासाहेबाकडं बघत राहिला. "घरी?"

"घरी."

विल्नेर शुद्धीवर होता. त्यानं मान वळवली. बाळासाहेबाच्या तोंडाकडं तो असा बघत होता, जणू त्या तोंडातून दुसरं कुणी बोलतंय. हात मनगटापासून कापावा लागला.

घरी म्हणजे यार्डामागे कंपनीच्या खोल्या होत्या, तिथं. उल्कानं अंगावरचं धुतलं नव्हतं. तो आत आला तशी ती म्हणाली, "काय सांगितलंत तिथं?"

"जे सांगायचं ते."

"कुठं झालं म्हणून सांगितलंत?"

"भाकरी टाक."

"माझ्या टबातलं तांबं हुतं ते. इस्पितळात काय सांगितलंस तू?"

लग्न झाल्यापासून तिनं त्याला तू म्हटलं नव्हतं. त्यानं तिच्या कानशिलात मारली. ती भिंतीवर आदळली, उठली आणि तवा घेऊन त्याच्या खांद्यावर हाणला. तवा तापलेला नव्हता, नाहीतर कातडी निघाली असती. दोघं धापा टाकत उभे राहिले.

"व्हिसा जाईल," तो म्हणाला. "तुझा बी. खटावला जाऊन काय, दगड फोडायचे?"

"फोडू की. दगडाला हात नसतो."

सकाळी यार्डात रोजची हजेरी होती. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, हान्चोनं बोट पुढं करून म्हणायचं, झेरो-साई दे इको, म्हणजे आज अपघात शून्य, आणि सगळ्यांनी बोटं पुढं करून योशी, म्हणजे ठीक, म्हणायचं. प्रेसखालची जमीन पाईपनं धुतलेली होती. बाळासाहेब मधे उभा राहिला. त्यानं बोट पुढं केलं.

"झेरो-साई दे इको."

एकही बोट पुढं आलं नाही.

त्यानं परत म्हटलं. आवाज फाटला. चंद्रशेखर गोलातून पुढं आला. रात्रभर झोपला नव्हता. "लिव्हर माझ्या हातात हुता," तो म्हणाला. "मला का नाही सांगितलंस, डोळा बंद केलाय म्हणून? मला. लिव्हर माझ्या हातात हुता."

"चंदू, ऐक—"

चंद्रशेखरनं डोक्यानं ढुशी मारली. नाकाचं हाड वाजलं. बाळासाहेब पडला तसे बाकीचे आले. लोखंडी टोकांचे बूट. बरगड्या, पाठ, मांड्या. हे तेच लोक, वसंतात पिंपांवर बसून हात वर करणारे. ते ओरडत नव्हते, शिव्या देत नव्हते. गाडीचं दार तोडावं तसं काम म्हणून मारत होते. वर ऑफिसच्या खिडकीत साहेब उभे होते. त्यांनी पडदा ओढून घेतला.

मारून थकले तेव्हा साहेब खाली आले. चंद्रशेखरला त्याच मिनिटाला फाटकाबाहेर काढला. बाळासाहेबाला स्वतः हात देऊन उठवला, वर नेला, खुर्चीत बसवला. पहिल्यांदाच. नाकातलं रक्त गालिच्यावर पडू नये म्हणून टिश्यूचा डबा मांडीवर दिला.

"तुम्ही खरे लीडर आहात," साहेब म्हणाले. "लीडरला मार खावा लागतो. आता दोनच कामं. रविवारी माणसं बसमध्ये घाला. आणि विल्नेर डॉक्टरांचं न ऐकता उद्याच इस्पितळ सोडतोय, त्याला खोलीवर येऊ देऊ नका. तो आता आपला कामगार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तार कोणी जोडली ते मी कुणाला सांगणार नाही. त्याची काळजी करू नका."

बाळासाहेबानं मान हलवली. जिन्यावर येईपर्यंत त्याला ते वाक्य नीट कळलं नव्हतं. मधल्या पायरीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत घरी आला तर विल्नेर त्याच्याच खोलीत बसलेला. कोपरापर्यंत पांढरं बँडेज. उल्का त्याला डाळभात भरवत होती. डाव्या हातानं त्याचा चमचा सांडत होता म्हणून.

"याला बाहेर काढ," बाळासाहेब म्हणाला.

"जेवू दे."

"साहेबांनी सांगितलंय."

विल्नेर म्हणाला, "बाळा-सान, मला काही नको. एवढंच सांग, हात कुठं गेला. कागदावर तो माझ्या घरी गेलाय. मला घर कुठंय?"

बाळासाहेबानं त्याच्या कॉलरला धरलं आणि ओढला. विल्नेरचा तोल गेला. पडताना माणूस हात पुढं टाकतोच, तो असो वा नसो. तो त्या बँडेजवर पडला. जी किंकाळी प्रेसमध्ये निघाली नव्हती ती आता निघाली. पांढऱ्यावर लाल फुटलं आणि पसरत गेलं. डाळ सगळ्या खोलीभर.

उल्कानं त्याला सावरून भिंतीला टेकवला. मग उठली. केबल सोलायची सुरी तिच्या कमरेलाच असायची. ती हातात घेतली पण उगारली नाही.

"उद्या मी कामगार कचेरीत जाणार," ती म्हणाली. "मला येतंय तेवढ्या जपानीत सांगणार. तांबं माझं, बांधलं माझ्या नवऱ्यानं. तू आलास तर ये. न्हाई आलास तर हितनं पुढं माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई."

सकाळी तिघं बसनं गेले. विल्नेर पुढच्या सीटवर, ही दोघं मागे. कचेरीतला अधिकारी चष्मेवाला, सभ्य. सगळं ऐकून घेतलं. बाळासाहेबानं फुटलेल्या नाकानं सांगितलं आणि खिशातला तांब्याचा तुकडा टेबलावर ठेवला.

"हे जोडायला तुम्हाला कोणी सांगितलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"साहेब म्हणाले, बघून घ्या."

"जोडा, असं म्हणाले?"

"नाही."

"मग जोडलं कोणी?"

बाळासाहेबानं उल्काकडं बघितलं. ती तुकड्याकडं बघत होती.

"मी," तो म्हणाला.

प्रेसला सील लागलं. विल्नेरचा हात यार्डात गेला, हे सरकारनं मान्य केलं, त्याला भरपाई बसली. रणजित साहेब अधिकाऱ्यांसमोर कमरेत वाकले. हान्चोवर विश्वास टाकला, तो माझ्या नकळत असं करेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. इस्पितळात खोटं कोण बोललं? तोही हान्चोच. बेकायदा व्हिसाचा माणूस ठेवल्याबद्दल कंपनीला ताकीद मिळाली. बाळासाहेब पोलिसांकडून निघाला तो देश सोडायचा हुकूम घेऊन. रविवारी साहेबांनी बस भरली ती दुसऱ्या हॉटेलांतल्या आचाऱ्यांनी, आणि निवडून आले. भाषणात कष्टकऱ्यांचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? त्यांच्यातल्या कुणाचा हात गेला होता?

निघायच्या दिवशी दोघं गावाबाहेरच्या छोट्या स्टेशनावर उभी होती. भात पिवळं पडायला लागलं होतं. विल्नेर सायकलवरून आला, एका हातानं हँडल धरून, वेडीवाकडी. सायकल टेकवली. उजवी बाही पिन लावून दुमडलेली.

"मी सांगितलं की," बाळासाहेब म्हणाला.

"सांगितलंस. म्हणून रिकाम्या हातानं आलोय."

त्यानं डाव्या हाताची मूठ मारली. सवय नव्हती. पहिली कानाला घासून गेली आणि तो स्वतःच भेलकांडला. पाय रोवून त्यानं दुसरी मारली. ती नीट बसली. ओठ फाटला, दाताचा तुकडा प्लॅटफॉर्मवर पडला. बाकावरची एक म्हातारी उठून लांब जाऊन उभी राहिली.

उल्का मधे पडली नाही. तिनं बाळासाहेबाच्या दोन्ही हातांतल्या बॅगा काढून घेतल्या आणि खाली ठेवल्या. त्याचे हात मोकळे झाले. ते त्यानं वर केले नाहीत. विल्नेरनं मूठ पुन्हा मागे नेली.